कोपऱ्यावरची बस
सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि माझी शाळेतली नोकरी सुटली. घराबाहेर पडता येत नव्हतं, म्हणून मी हॉलमध्येच मुलांना वाचायला शिकवू लागले. शेजारची दुसरीतली मुलगी सगळ्यात आधी आली. जोडाक्षर दिसलं की ती गप्प व्हायची. तीन महिन्यांनी एका संध्याकाळी ती धावतच आली.

"टीचर, मी बसवरचं 'त्र्यंबकेश्वर' वाचलं! चला, दाखवते. बस अजून उभी आहे."

स्टॉप कोपऱ्यावरच होता. मी चपला घातल्या, तेवढ्यात आतून सासूबाईंची हाक आली.

"आत्ता नाही गं जमणार," मी तिला म्हणाले.

सासूबाईंना कुशीवर वळवताना माझे हात जरा जोरातच लागले. त्यांनी नुसते डोळे मिटून घेतले. हॉलमध्ये मुलगी पुस्तक उघडून माझी वाट बघत होती.