रविवारी दहा ते एक घर उघडं

आईच्या गुडघ्यांना तिसरा मजला झेपेनासा झाला, तेव्हा आमचं अंबरनाथ पूर्वेचं घर विकायचं ठरलं. बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. पप्पा त्याच वर्षी कंपनीच्या स्टोअरमधून रिटायर झाले होते आणि बदलापूरला, बेलवलीत, तळमजल्यावरचा एक फ्लॅट त्यांच्या मनात भरला होता. पण त्याआधी हे विकलं जायला हवं होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांची. एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना गणित शिकवायचे. घर विकणं म्हणजे चार कागदांवर सह्या करणं, एवढीच माझी समजूत होती.

आमचा एजंट उल्हासनगरचा सिंधी होता. पन्नाशीचा, बोलायला गोड. जिना चढून आला की आधी पाच मिनिटं खुर्चीत बसून दम खायचा. "साहब, एकेक पार्टी आणली तर तुमचा रोज चहा आणि माझा रोज जिना," तो पप्पांना म्हणाला. "त्यापेक्षा संडेला दहा ते एक घर खुल्लं ठेवा. सगळे एकदमच येतील. दुसरा गिऱ्हाईक समोर दिसला की माणूस लवकर हो बोलतो. मुंबईत आजकाल असंच चालतं. ओपन हाऊस."

पहिल्या रविवारी आईने पहाटेच उठून फरशी पुसली, भांडी घासून लावली, दोरीवरचे कपडे काढले. दहा वाजता पप्पांनी दार उघडून त्याला विटेचा तुकडा लावला. आमचं दार असं सताड उघडं मी कधी पाहिलं नव्हतं. मग लोक येत गेले. कुणी चपला काढल्या, कुणी नाही. एकाने बोटांच्या पेरांनी भिंती वाजवून पाहिल्या. एका बाईने मोरीतला नळ सोडला आणि तसाच ठेवून ती गॅलरीत गेली. एक आजोबा सरळ आईच्या पलंगावर बसले आणि तिथूनच सुनेला सांगू लागले की फ्रिज कुठे ठेवायचा.

मला कुठे उभं राहावं तेच कळेना. स्वयंपाकघरात मी मोजपट्टीच्या आड येत होते, हॉलमध्ये येणाऱ्यांच्या वाटेत. शेवटी जिन्याच्या वळणावर जाऊन उभी राहिले. वर चढणाऱ्या एका बाईला वाटलं, मीही घर बघायलाच आलेय. "तुम्ही बघितलं का? कसंय?" तिने विचारलं. "बरं आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या रविवारी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. माणूस आत आला की आधी छताकडे बघायचा, मग खिडकीकडे, मग उजव्या भिंतीकडे. त्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि शेजारी निळ्या कोटातला, चष्म्यातला तो फोटो, जो आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या घरी होता. तिथे काहींची नजर जरा जास्त वेळ थांबायची. काहींना फरक पडत नव्हता, ते पुढे जाऊन बाथरूम बघायचे. काही नवरा-बायको एकमेकांकडे बघायचे आणि आवाज खाली यायचा. "बरंय, कळवतो." एका गृहस्थांनी पप्पांना विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" पप्पांनी नेहमीच्या खणखणीत आवाजात सांगितलं. "असं होय," ते म्हणाले. आईने दिलेला पाण्याचा ग्लास त्यांनी तसाच टीपॉयवर ठेवला. तहान नसेलही.

बुधवारी एजंट एकटाच आला. नेहमीसारखा दम खाल्ला, मग खुर्ची पप्पांच्या जवळ ओढली.

"साहब, बुरा मत मानना," तो म्हणाला. "माझं काही नाही. मी तुमच्या घरी जेवलोय. पण पार्टी लोक कसे असतात, तुम्हाला माहीत आहे. दोन संडे ते फोटो आत ठेवा. नवीन घरात गेल्यावर पहिले तेच लावा."

स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मला वाटलं, आता पप्पा त्याला जिना दाखवणार. विहारातली रविवारची वंदना न चुकवणारा हा माणूस. आम्हाला लहानपणी मान खाली घालून बोललेलं त्यांना चालायचं नाही. पप्पा नखाने खुर्चीच्या हातावरचा रंग खरवडत राहिले. मग म्हणाले, "बघतो."

पुढचे तीन दिवस घरात कुणी एका जागी बसत नव्हतं. पप्पा विनाकारण खाली जाऊन यायचे. आई डबे काढून पुसून परत तिथेच लावायची. मी क्लासमध्ये फळ्याकडे तोंड करून मनातल्या मनात पप्पांशी भांडत होते. एकदा समीकरणाची दुसरी बाजू लिहायचीच राहिली. पोरं हसली.

शनिवारी संध्याकाळी मला राहवलं नाही. "पप्पा, तुम्ही खरंच काढणार?"

"आईला दिवसातून चारदा जिना चढताना बघ," ते म्हणाले. "मग मला विचार."

"माझे गुडघे पुढे करू नका," आई आतून म्हणाली.

रविवारी सकाळी पप्पांनी दोन्ही तसबिरी काढल्या, धुतलेल्या टॉवेलात गुंडाळल्या आणि भिंतीतल्या कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या. भिंतीवर दोन फिकट चौकोन उमटले होते. त्यांवर त्यांनी कॅलेंडर टांगलं. ते लहान पडलं, चौकोन बाजूने दिसतच राहिले. आई त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही.

गर्दी मात्र त्याच रविवारी जास्त होती. अकराच्या सुमारास एक उंच माणूस बॅटरी घेऊन आला. वाळवी बघायची म्हणून त्याने न विचारताच कपाट उघडलं. "हे जरा बाजूला घेतो," म्हणत त्याने टॉवेल ओढला. टॉवेल सरकला आणि काच चमकली. त्याने हात मागे घेतला. हॉलमध्ये सहा-सात माणसं होती, सगळीच तिकडे बघायला लागली.

"वो पुराना सामान है," एजंट घाईने म्हणाला.

आई दारात आली. हाताला पीठ होतं. "जुनं सामान नाही ते," ती म्हणाली.

तिने आवाज चढवला नव्हता. पप्पा खिडकीपाशी उभे होते. ते आले, खुर्ची भिंतीला लावली, वर चढले आणि कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं. मग तसबिरी मागितल्या. मी एका हाताने खुर्ची धरली होती. फोटोची दोरी दोनदा खिळ्यावरून निसटली. खाली उतरल्यावर ते त्या उंच माणसाला म्हणाले, "वाळवी नाही. हात लावून बघा हवं तर."

त्याने खरंच नीट बघितलं, आणि गेला. त्याच्या मागोमाग आणखी दोन कुटुंबं गेली. एक तरुण जोडपं तेवढं थांबलं. बायकोने आईला विचारलं, "पाणी किती वाजता येतं हो?" आईने हात पुसले आणि तिला सगळं सांगितलं. कधी येतं, कुठल्या नळाला जोर असतो, उन्हाळ्यात किती साठवून ठेवावं लागतं. ते दोघं गुरुवारी नवऱ्याच्या आईला घेऊन परत आले. घर त्यांनीच घेतलं.

आम्ही बेलवलीला राहायला गेलो. तीनेक महिन्यांनी त्या जोडप्यातल्या मुलीचा फोन आला की पप्पांच्या पेन्शनचं पाकीट जुन्या पत्त्यावर आलंय. मी क्लासवरून परस्पर गेले. तिने हसून दार उघडलं. हॉलला नवा पिवळा रंग होता. आतून ठोकाठोकीचा आवाज येत होता म्हणून मी डोकावले. स्वयंपाकघरातला ओटा काढून टाकला होता. सिंकही नव्हतं. फरशी सगळी उखडली होती आणि कोपऱ्यात तोडफोडीच्या रॅबिटच्या गोण्या भरून ठेवल्या होत्या. तो ओटा आईने दोनच वर्षांपूर्वी हौसेने करून घेतला होता.

"सगळी धूळच धूळ," ती म्हणाली. "तुम्हाला चहासुद्धा देता येत नाही बघा."

"चांगला होता की ओटा," मी शक्य तितक्या हलक्या आवाजात म्हटलं.

"हो ना. पण आमच्या सासूबाई म्हणतात, दुसऱ्याचं घर घेतलं की स्वयंपाकघर नवं करावं."

ती सहज बोलली. पाकीट माझ्या हातात देऊन तिने आईच्या तब्येतीची चौकशीही केली. जिना उतरताना मी स्वतःला समजावत होते. लोक करतातच की. क्लासमधल्या मॅडमनीसुद्धा जुना फ्लॅट घेतल्यावर सगळं तोडून नवं केलं होतं. खाली गेटपाशी आल्यावर वाटलं, परत वर जावं आणि विचारावं. पण काय विचारणार होते? तीन रिक्षा समोरून गेल्या. चौथीत मी बसले.

घरी पोचले तर आई दारातच वाटाणे सोलत बसली होती.

"काय काय बदललं गं?" तिने विचारलं.

"रंग दिलाय."

"कुठला?"

"पिवळा. बरा दिसतो."

"मग हॉल मोठा वाटत असेल आता," ती म्हणाली आणि सुपातले वाटाणे हाताने सारखे केले.

मी पाकीट पप्पांना दिलं आणि केसांतली धूळ झटकायला आरशापाशी गेले.