शालिग्रामजींची वर्षांची बेरीज

हिंदी मुलखातल्या आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात कोणाचंही पोरगं बारावी झालं की पेढे देवापुढे जात आणि मार्कशीट शालिग्राम ढोबळ्यांपुढे. शालिग्रामजींनी उभी हयात रेल्वेच्या ऑफिसात सेवाज्येष्ठतेच्या याद्या करण्यात घालवली. तिथे वर्षाला वर्ष जोडलं की माणूस वर सरकतो. शिक्षणाचंही तेच, असं ते छातीठोकपणे सांगत, आणि ऐकणारे नंदीबैलासारखे माना डोलवत.

त्याच हिशेबाने त्यांनी आपल्या एकुलत्या एक लेकीला, रूपालीला, एम.ए.चा मिळालेला प्रवेश सोडायला लावला.

"एका कागदासाठी दोन साल काहून घालवून राहिली? एक साल पत्रकारितेचा पीजी डिप्लोमा कर, एक साल जनसंपर्काचा. झाले दोन साल, एम.ए.च्या बरोबरीचे. अन् कागद दोन!"

"पर बाबा, एम.ए. अलग होता है," रूपाली म्हणाली होती. पण ऐकतो कोण!

परवा एका कॉलेजात पत्रकारिता शिकवायच्या जागेसाठी कागदपत्रं तपासणार होते. शालिग्रामजीही इस्त्रीचा शर्ट घालून लेकीसोबत गेले. टेबलापलीकडच्या बाईंनी फाइल दोनदा चाळली.

"एम.ए. कहाँ है?"

शालिग्रामजी पुढे सरसावले. "मॅडम, दो पीजी डिप्लोमा हैं न. दो साल."

"अंकल, दस ले आइए, डिप्लोमा डिप्लोमा ही रहेगा. ग्रेजुएशन के बाद होता है, इसलिए पीजी कहते हैं. मास्टर डिग्री अलग चीज है, और यहाँ वही चाहिए."

बाईंनी अर्जावर लाल पेनाने 'अपात्र' लिहिलं.

शालिग्रामजींच्या पायाखालची जमीनच सरकली. "ऐसे कैसे, ऐसे कैसे," एवढंच ते पुटपुटत राहिले. रूपालीने त्यांचा हात धरून त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर आणून बसवलं. दुसऱ्या कोणी फसवलं असतं तर त्याची गचांडी तरी धरता आली असती. इथे पोरीची दोन वर्षं सख्ख्या बापानेच बुडवली होती.

तेवढ्यात फोन वाजला. शेजारचे गुलाबराव.

"शालिग्रामजी, आमच्या यामिनीचा डिप्लोमाचा फॉर्म भरून राहिलो. तुम्ही सांगतलं होतं तोच. भरू नं?"

लेक शेजारीच बसली होती.

"नोका भरू, गुलाबराव. पोट्टीलेच विचारा, नाहीतर कॉलेजात जाऊन विचारा. मले यातलं काही समजत नाही."

त्यांनी फोन खिशात ठेवला. रूपाली समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"यही बात दो साल पहले बोल देते, बाबा."