अळणी पांढरा

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आणि नवऱ्याची नोकरी वाईन चाखायची. लग्नात पावण्यांनी यावरनं लई थट्टा केली. नाशिककडच्या एका वाईनच्या कारखान्यात हे चाखणारे होते. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि सांगायचं, हिच्यात कच्चा पेरू हाय, लिंबाची साल हाय. थुंकायचा पगार मिळतोय की, असं मी म्हणायची.

घरात मात्र माझा स्वयंपाक त्यांच्या जिभेवर चालायचा. मटण मी करते, पण माळ असल्यामुळं चाखत नाही. म्हणून रस्सा उकळला की चमचाभर त्यांच्या तळहातावर घालायचा आणि म्हणायचं, मीठ बघा. कमी-जास्त ते अचूक सांगायचे.

गेल्या साली ताप आला. साधा ताप. तो उतरला आणि जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल, नाहीतर नाहीही येणार. हे काय बोलणं झालं? रजा संपली, नोकरी गेली, आम्ही कोल्हापूरला परत आलो. लोक म्हणायला मोकळे, दैव देतं आणि कर्म नेतं. कसलं डोंबलाचं कर्म, माणसाला नुसता ताप आलता.

मग एक दिवस चहा पिता पिता हे म्हणाले, चव आली. मी देवापुढं साखर ठेवली. यांनी लगेच कारखान्याच्या साहेबांना फोन केला. साहेब कामासाठी इकडं येणारच होते. म्हणाले, तुमच्याकडं जेवायलाच येतो, कोल्हापुरी जेवणाबरोबर आपली वाईन लावून दाखवा, जमलं तर परत रुजू व्हा. म्हणजे जेवण कसलं, परीक्षाच.

यांनी सगळं ठरवलं. तांबड्या रस्स्यापुढं वाईनचं काही चालत नाही, तिखटानं ती मरते. पांढऱ्या रस्स्याला पांढरी वाईनच. नारळाचं दूध, तीळ, काजू यांनी जीभ जड होते, थंड आंबटसर घोट ती धुऊन काढतो. पण रस्स्याला मीठ नेमकं पाहिजे, नाहीतर आंबटपणा नुसता बोचतो. बाटली फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवली. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती.

आमच्याकडं मटण शिजवलेल्या पाण्याला अळणी म्हणतात. नाव अळणी, पण मीठ मटण शिजतानाच पडलेलं असतं. त्या सकाळी मटण कुकरमध्ये टाकतानाच गॅस संपला. सिलिंडर बदलण्याच्या गडबडीत मीठ राहिलं, आणि अळणीत असणारच म्हणून रस्स्यात मी वेगळं घातलं नाही. सुकं मटण चटणीतल्या मिठावर निभावलं. पांढरा घेऊन मी नेहमीसारखी यांच्याकडं गेले. यांनी तळहात चाटला, डोळे मिटले.

"एकदम बरोबर हाय," म्हणाले.

साहेब आले. यांनी ग्लास फिरवून पेरू सांगितला, लिंबाची साल सांगितली. साहेब मान डोलवत होते. मग त्यांनी रस्स्याचा घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. हे म्हणाले, आता याच मिठावर वाईन घ्या, बघा कशी खुलते. साहेबांनी घेतली. मग माझ्याकडं वळले.

"वहिनी, जरा मीठ मिळेल का?"

मला वाटलं, जास्त खात असतील. त्यांनी चमच्याच्या टोकानं घातलं, ढवळलं, चाखलं, परत घातलं. तेव्हा मला सकाळचा कुकर आठवला. हे त्या चमच्याकडं बघत होते. त्यांनाही कळलं होतं. तरी यांनी आपली वाटी तशीच संपवली, वर परत मागून घेतली.

साहेब भला माणूस. काळजी घ्या म्हणाले आणि गेले. नोकरीचं नावसुद्धा काढलं नाही. मी उष्टी भांडी आपटायला लागले.

"खोटं का बोललासा?"

"चव येणारच हाय म्हटलं," ते म्हणाले. "म्हणून आधी सांगून टाकलं."

अजून आलेली नाही. येईल असं आता आमच्यात कुणी म्हणतही नाही. जेवायला बसलो की हे पहिला घास घेतात आणि माझ्या तोंडाकडं बघत राहतात. माझा चेहरा बघून मग काय ते बोलतात. परवा वांगी पार करपली होती. मी तोंड वाकडं न करता खाल्ली.

"झ्याक झालंय," म्हणाले.