मामाचं मंद सर्किट

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. निवृत्त झाला आणि घरातल्या एकाही वस्तूला सुखाने जगू देईना. शेवटी त्याने धातू शोधायचं यंत्र बनवायला घेतलं, तेव्हा कुठे मिक्सरचा जीव भांड्यात पडला.

यंत्राची गोष्ट साधी. तारेच्या वेटोळ्यातून विजेचे झटके द्यायचे आणि जमिनीतला धातू जे क्षीण उत्तर देतो ते साठवत साठवत ऐकायचं. साठवायचं काम इंटिग्रेटरचं. मामाने दोन केले. एकात छोटा कपॅसिटर. तो चटकन बोलायचा, पण शेजारचा पंप सुरू झाला तरी कोकलायचा. दुसऱ्यातला मोठा. तो शंभरदा ऐकून खात्री पटल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. मामाने दोन्ही अंगणात फिरवून पाहिले आणि वहीत चपळला दहापैकी सात गुण दिले, मंदला दोन. वर 'निरुपयोगी' असा शेरा. शाळेत त्याला स्वतःला हाच शेरा मिळायचा, असं आई सांगते.

अशात मामीची अंगठी हरवली. अंगणात चार वाजता गवंडी काँक्रीट ओतणार होता, म्हणून ती सकाळी गुलाब कुंड्यांत हलवत होती. तेवढ्यात कधीतरी अंगठी बोटातून गळली. मामीच्या आईची तेवढी एकच वस्तू तिच्याकडे होती.

मामा चपळ सर्किट घेऊन निघाला. तो चालतो ते कुत्रं मागे लागल्यासारखं. यंत्र पावलोपावली ओरडलं. आम्ही तीन खिळे, बाटलीचं झाकण आणि त्याचाच पाना उकरून काढला. साडेतीन वाजता त्याने मंद सर्किट जोडलं, तर अंगणभर चिडीचूप.

"मला द्या बघू," मामी म्हणाली.

"अगं, ते नापास झालंय!"

"असू दे. द्या इकडे."

मामीचा गुडघा दुखतो. एक पाऊल, मग थांबणं, मग उसासा, मग दुसरं पाऊल. गवंडी येऊन घमेलं पालथं घालून त्यावर बसला. मामा येरझारा घालत होता. आणि गुलाबाच्या तिसऱ्या खड्ड्यापाशी यंत्र हळूच गुणगुणायला लागलं.

मामीने मातीत हात घातला, अंगठी काढली आणि तिथेच बसून रडली. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू?

मामा मात्र वेटोळ्याकडे बघत उभा होता. "म्हणजे याची खात्री पटेपर्यंत मी पुढे गेलेला असायचो," तो म्हणाला.

"नेहमीच जाता," मामी डोळे पुसत म्हणाली.

त्याने वही आणून शेरा खोडला.

चाळीस वर्षं दोघं संध्याकाळी फिरायला जातात आणि चाळीस वर्षं मामा आधी पोहोचून कोपऱ्यावर वैतागत उभा राहतो. त्या संध्याकाळी मी गॅलरीतून पाहिलं, कोपऱ्यावर दोघं एकदमच पोहोचले.