ताईची शाल

चौकातल्या लाँड्रीच्या मालकीणबाईंना सगळा रस्ता मावशी म्हणायचा. खरी भाची मात्र एकच, थोरल्या बहिणीची मुलगी. ताई गेली आणि थोड्याच दिवसांत ही भाची एक टोपली घेऊन दुकानात आली. टोपलीत ताईची मांजर होती, चिंगी, आणि तिच्या अंगाखाली ताईची राखाडी शाल.

"मावशी, माझ्या धाकटीला दमा आहे गं. घरात ठेवता येत नाही, आणि परक्याला द्यायला मन धजत नाही."

"मग मी काय मेलेय का? ठेव तिथे."

मावशींकडे आधीच बंब्या होता. बंबासारखा गोल, इस्त्रीच्या टेबलाखाली ऊब खात पडलेला, गिऱ्हाइकाकडे ढुंकूनही न बघणारा बोका. एक होता, आता दोन, त्यात काय एवढं, असं म्हणत मावशींनी टोपलीचं झाकण उघडलं. पुढच्या क्षणी बंब्या फुगून दुप्पट झाला, चिंगी धुतलेल्या चादरींच्या चवडीवर चढली, चवड जमिनीवर आली आणि सोडवायला गेलेल्या मावशींच्या मनगटावर ओरखडे उमटले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई हसल्या. "तुमच्या घरात कुणी न विचारता माणूस आणून बसवला, तर तुम्ही चहा कराल? आधी वास ओळखीचा होऊ द्या, तोंडं मग बघतील. हिला मागच्या खोलीत ठेवा. बंद दाराच्या अलीकडे त्याचं खाणं, पलीकडे हिचं. अंथरुणांची अदलाबदल करत राहा. आणि हो, ती धुऊ नका."

धुऊ नका! जन्मभर लोकांच्या कपड्यांतले वास काढून पोट भरलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणण्यासारखंच. तरी मावशींनी मन घट्ट केलं. बंब्या आधी दारावर गुरगुरायचा, मग नुसताच नाक लावून बसायला लागला.

आणि एका दुपारी, कामाच्या गर्दीत, मागच्या खोलीतला कपड्यांचा ढीग उचलताना शालही मशीनमध्ये गेली. वाळलेली शाल हातात आली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ती नाकाशी नेली. नुसता साबण. ताईच्या तेलाचा, गुडघ्यांना लावायच्या मलमाचा मागमूस नव्हता. ताईला पोचवताना सगळ्यांना सावरणाऱ्या मावशी, डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या, त्या आता स्टुलावर बसून हमसाहमशी रडल्या. चिंगीने शाल हुंगली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. रात्रीचं खाणंही तिने तसंच ठेवलं.

मावशींनी भाचीला फोन लावला. "तुझ्या आईचं न धुतलेलं काही आहे का गं?"

"उशी आहे. पण मावशी... मी रोज तिच्यावरच झोपते."

"असू दे, असू दे. तुझ्याकडेच राहू दे ती. आणि रविवारी जेवायलाच ये इकडे."

त्या रात्री मावशी स्वतःच ती शाल पांघरून झोपल्या. सकाळी ती चिंगीपुढे ठेवली. चिंगीने पुन्हा हुंगली, मावशींकडे पाहिलं, पुन्हा हुंगली आणि अखेर पाय दुमडून तिच्यावर बसली. मग शाल बंब्याकडे गेली. मावशींचा वास तर त्याच्या हक्काचाच. त्यात मिसळलेली ती दुसरी कोण, याचा विचार करत तो शालीवरच झोपला.

पुढे दार बोटभर उघडलं, मग वीतभर. पूर्ण उघडलं त्या दिवशी बंब्या एकदाच फिस्कारला, चिंगीनेही तोडीस तोड उत्तर दिलं, आणि दोघं आपापल्या ताटलीकडे वळले.

रविवारी आलेल्या भाचीने विचारलं, "झाली का गं मैत्री?"

"कसली मैत्री! भांडत नाहीत, एवढंच."

भाचीने चिंगीला मांडीवर घेतलं. मग तिच्या पाठीवरून हात फिरवत, कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या मावशींकडे न बघता ती म्हणाली, "आई लहानपणी कशी होती, मावशी?"

मावशींनी हातातली घडी बाजूला ठेवली आणि स्टूल तिच्याजवळ ओढलं.