भिंगरीला ऐकू गेलं का?

चौकातल्या चष्म्याच्या दुकानदाराला सगळे चष्मेकाका म्हणत. माणूस सरळ, कामाला चोख, आणि एकदा बोलायला लागला की समोरच्याने बसायला स्टूल शोधावं असा. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. भिंतींवर फ्रेमांच्या रांगा, मागे पडदा आणि पडद्याआड डोळे तपासायची खुर्ची. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे आधी एक भिंग धरायचं, मग दुसरं, आणि विचारायचं, "हे बरं की हे?" पन्नाशी उलटेपर्यंत काकांना यापलीकडे कसलं वेड म्हणून लागलं नव्हतं. काकू काउंटरवर बसून फ्रेमांचे स्क्रू पिळायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "यांना एखादा छंद तरी हवा होता बाई." पुढे हे वाक्य परत गिळता आलं असतं तर त्यांनी नक्की गिळलं असतं.

छंद लागला तो असा. एका सकाळी काका शटर वर करत होते. समोरच्या थांब्यावरून शाळेची बस नुकतीच सुटली होती आणि गल्लीतून एक मुलगी दप्तर सावरत धावत आली. काडीसारखी पोर, गुडघ्यांवर खरचटल्याच्या जुन्या खुणा. ड्रायव्हरने काही बस थांबवली नाही. मुलगी हाका मारत बसली नाही, की तिने हातही हलवला नाही. ती नुसती धावली. आधी बसच्या मागून, मग बसच्या बरोबरीने. पुढच्या वळणावर गर्दीत बस जरा अडली, तेवढ्यात ती पुढे सटकली. पुढच्या थांब्यावर बस पोचली तेव्हा पोर तिथे वेणीचं रबर नीट करत उभी होती, जशी काही मघापासून वाटच बघतेय.

"भिंगरी आहे की काय ही!" काका मोठ्याने म्हणाले. शटर अर्धं वर, अर्धं खाली तसंच राहिलं.

त्या दिवशी जो दुकानात आला त्याला काकांनी ही गोष्ट सांगितली. संध्याकाळपर्यंत गोष्टीतली बस बरीच वेगात धावू लागली होती. पोरीला भिंगरी हे नाव चिकटलं ते चिकटलंच. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीत आणि घरात तेवढं उरलं. खरं म्हणजे ती मुलगी आधीपासूनच मैदानावर जात होती. शाळेच्या कोचबाई तिला रोज सकाळी पळवत होत्या. पण काकांच्या डोक्यात एक पक्कं बसलं, की पोरीला पहिल्यांदा पाहिलं ते आपण. 'पाहिलं' हा शब्द ते असा म्हणायचे, जणू त्याआधी ती कोणाला दिसतच नव्हती.

सुरुवातीला त्यात कुणाचंच काही बिघडत नव्हतं. सकाळी ती दुकानावरून धावत गेली की काका टाळ्या वाजवायचे. ती लाजून हसायची. तिची आई इस्पितळात नर्स होती, तिची ड्यूटी कधी सकाळची तर कधी रात्रीची. मुलीच्या स्पर्धेला तिला नेहमी जायला जमायचं नाही. एकदा आईच म्हणाली, "काका, तुम्ही गेलात तर बरं होईल. कुणीतरी आपलं माणूस असेल तिथे."

बस्स. आपलं माणूस म्हटल्यावर काका कुणाला आवरेनात.

त्या स्पर्धेत दोनशे मीटरला भिंगरी पहिली आली आणि काका घसा बसवून परतले. पुढच्या स्पर्धेला ते शेजारच्या औषधवाल्याला घेऊन गेले, त्याच्या पुढच्या स्पर्धेला टेम्पो भरून माणसं. सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या पिवळ्या टोप्या. दुकानाच्या काचेवर पूर्वी चष्मा घातलेल्या एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. ते जाऊन तिथे भिंगरीचा फोटो आला. गिऱ्हाईक पडद्याआड खुर्चीत बसलेलं असे, डोळ्यांवर जड फ्रेम, अन् काका हातात भिंग धरून सांगत असत, "वळणावर ती डावा खांदा खाली घेते बघा." गिऱ्हाइकाला समोरचं अक्षर 'म' दिसतंय की 'भ', हे विचारायचं राहूनच जाई.

"अहो, त्या माणसाला दूरचा नंबर हवाय, दोनशे मीटरचा नाही," काकू पडद्याबाहेरून म्हणायच्या.

काकांनी फोनवर एक ग्रुपही काढला. भिंगरी आज किती धावली, आज जरा ओढल्यासारखी वाटली, नवे बूट चावतायत का, सगळं तिथे यायचं. लोकही उत्साहाने भर घालायचे. कुणी म्हणे तिला सकाळी अंडी द्या, कुणी म्हणे अजिबात देऊ नका. एकदा तर तिला गणितात कमी गुण पडल्याची बातमीही तिथे आली आणि चौकातल्या पाच-सहा जाणत्या माणसांनी त्यावर चर्चा केली.

मग आइस्क्रीमचं झालं. एका दुपारी भिंगरी मैत्रिणींबरोबर गाडीपाशी उभी होती. हातात कप, तोंडात लाकडी चमचा, आणि कशावरून तरी हसणं चाललेलं. काकांनी दुकानातून पाहिलं आणि ते तरातरा रस्ता ओलांडून गेले.

"अगं, शनिवारी धावायचंय! घसा धरला म्हणजे?" आणि आइस्क्रीमवाल्याला, "तुम्हाला तरी कळायला नको का? हिला द्यायचं नाही यापुढे."

मैत्रिणी आपापल्या कपात बघू लागल्या. भिंगरीने कप गाडीच्या कडेवर ठेवला आणि म्हणाली, "बरं काका." काका समाधानाने परत आले. पोरगी ऐकते, याचंच त्यांना कौतुक.

काकूंनी मात्र हातातला स्क्रू खाली ठेवला. "तिने तो कप ठेवला तेव्हा तिचं तोंड बघितलंत का?"

"काय झालं तोंडाला?"

"तुम्ही चष्मे विकता," काकू म्हणाल्या आणि पुन्हा स्क्रू पिळायला लागल्या.

त्यानंतर भिंगरी सकाळी दुकानावरून जाईनाशी झाली. काकांनी दोन-चार दिवस वाट पाहिली, मग ग्रुपवर विचारलं. कुणीतरी कळवलं की ती आता मागच्या रस्त्याने, गोदामांच्या बाजूने जाते. काकांना वाटलं, चढाचा सराव करत असेल. ते स्कूटर काढून एकदा मागच्या रस्त्यानेही गेले. तिथे चढबिढ काहीच नव्हता.

मग आई आली. ड्यूटीवरून थेट, अंगावर पांढरा कोट तसाच. बसा म्हटलं तर बसली नाही.

"काका, राग मानू नका. पण पोरगी घाबरते हो."

"कशाला घाबरते? आपण सगळे आहोत की तिच्या पाठीशी!"

"त्यालाच घाबरते," आई म्हणाली. "परवा म्हणाली, हरले तर चौकातून कशी जाऊ? आणि काका, तिला नाव आहे एक. ते कधीतरी घ्या."

काका कानकोंडे झाले. 'बरं' म्हणाले, 'चूक झाली' म्हणाले. पण आई गेल्यावर काकूंना विचारू लागले, "म्हणजे मी नेमकं काय करू? टाळ्या वाजवल्या तर घाबरते. नाही वाजवल्या तर तिला वाटेल, यांना काही पडलेलीच नाही. मधलं काय असतं?"



मोठी स्पर्धा आली तेव्हा काकांनी टोप्या घरीच ठेवल्या. टेम्पोही केला नाही. एकटे गेले आणि मुद्दाम वरच्या पायरीवर, खांबाआड बसले. ओरडायचं नाही असं ठरवूनच आले होते. दोनशे मीटरला आठ मुली रेषेवर आल्या. भिंगरी मधल्या पट्टीत होती. स्टार्टरने बंदूक धरलेला हात वर केला. मुली वाकल्या, कंबर उचलून स्थिर झाल्या. सगळं मैदान चिडीचूप.

आणि त्या शांततेत काकांच्या तोंडून निघून गेलं, "भिंगरी!"

ठरवून नव्हे. शिंक यावी तसं. खरं तर त्यांनी ते मनातच म्हटलं होतं, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं. पण आजूबाजूच्या लोकांनी माना वळवल्या, म्हणजे आवाज आलाच असणार. त्याच क्षणी, किंवा जरा आधी, किंवा जरा नंतर, भिंगरी रेषेवरून सुटली. बंदूक तिच्या मागाहून वाजली, आणि लगेच पुन्हा, सगळ्यांना परत बोलावायला.

एका पंचाने येऊन तिला लाल कार्ड दाखवलं, म्हणजे ती शर्यतीतून बाद. ती कपड्यांची पिशवी उचलून मैदानाबाहेर गेली. बाकीच्या सात जणी धावल्या. कोण जिंकलं, काकांनी पाहिलं नाही.

पुढचे दिवस काकांनी लोकांना नुसतं भंडावून सोडलं. कोचबाईंना शाळेच्या फाटकात गाठलं. त्या म्हणाल्या, "ती सरावातही दोनदा अशी सुटली होती. तिचं तिचं आहे ते. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" औषधवाला त्या दिवशी आलाच नव्हता, तरी छातीठोकपणे म्हणाला, "तुमच्यामुळेच गेलं, काका. सगळं गाव म्हणतंय." ग्रुपवर दोन तट पडले. एकाने काकांची बाजू घेताना पोरीलाच दोष दिला, की एवढ्याशा आवाजाने जी दचकते ती पुढे काय धावणार. ते वाचून काकांचा संताप झाला. आपली बाजू घेणाऱ्यावर चिडायचं की काय करायचं, हेही त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ग्रुपच बंद केला. काचेवरचा फोटो काढला, आणि रिकामी काच बघवेना म्हणून ती हसरी बाई पुन्हा चिकटवली.

दीडेक महिन्याने भिंगरी स्वतः दुकानात आली. आईच्या चष्म्याची काडी तुटली होती. काकू जेवायला घरी गेलेल्या. काकांनी चष्मा घेतला, काडी बसवायला लागले, आणि स्क्रू बोटांतून खाली पडला. मग दोघंही गुडघ्यांवर बसून फरशीवर स्क्रू शोधू लागले.

खाली वाकलेले असतानाच काकांनी विचारलं, "त्या दिवशी मी ओरडलो. तुला ऐकू आलं?"

"नाही काका," ती लगेच म्हणाली. "रेषेवर उभं राहिलं की मला काहीच ऐकू येत नाही. कानात नुसतं घूं होतं. बंदूकसुद्धा कधी कधी पायांनाच कळते."

"कधीच नाही ऐकू येत? आधीच्या स्पर्धांत? आम्ही एवढे सगळे यायचो..."

"टोप्या दिसायच्या," ती म्हणाली. "नंतर. संपल्यावर." मग तिने काउंटरखालून स्क्रू काढून त्यांच्या हातावर ठेवला. "मी जातेय काका. दुसऱ्या गावी, खेळाच्या वसतिगृहात. पुढच्या आठवड्यात."

"अरे वा," काका म्हणाले. त्यांना आणखी पुष्कळ बोलायचं होतं. तिचं खरं नाव घेऊन काहीतरी म्हणावं असं वाटलं, पण ते इतक्या दिवसांत कधी उच्चारलंच नव्हतं. जिभेवर आलं आणि परक्या माणसाचं असल्यासारखं तिथेच राहिलं. ती चष्मा घेऊन गेली.

काकू परत आल्या तेव्हा काका काउंटरशी तसेच उभे होते.

"ती म्हणते ऐकू आलं नाही."

"मग झालं तर. सुटलात."

"सुटलो कसा? ऐकू आलं नसेल, तर मी इतके दिवस कुणासाठी ओरडत होतो? आणि आलं असेल, तर ती मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलली. म्हणजे पुन्हा माझ्यामुळेच... यातलं कुठलं बरं?"

काकूंनी विचारलं, "तुम्हाला कुठलं हवंय?"

"तेच तर कळत नाही ना!"

वर्ष सरता सरता वसतिगृहाच्या मुली इथल्या मैदानावर धावायला आल्या. काका जायचं नाही म्हणत होते. काकूंनी दुकान बंद केलं आणि त्यांना घेऊन गेल्या. दोघं पायऱ्यांवर बसले. भिंगरी आता उंच झाली होती, केस अगदी बारीक कापलेले. ती ओळखू यायलाच काकांना वेळ लागला. मुली रेषेवर वाकल्या तेव्हा त्यांनी दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले.

बंदूक वाजली. सगळ्या नीट सुटल्या. काकांनी श्वास सोडला, आणि तेवढ्यात शेजारून असा काही आवाज आला की ते दचकलेच. काकू उभ्या राहून ओरडत होत्या. आयुष्यात कधी मैदानावर पाऊल न ठेवलेल्या काकू मुठी आवळून बेंबीच्या देठापासून भिंगरीचं खरं नाव घेत होत्या. काकांनी त्यांचा हात धरून खाली ओढलं.

"अहो सोडा! ओरडायचं नाही तर आलो कशाला?"

 काकांनी हात सोडला. भिंगरी चौथी आली. आधी त्यांना हायसं वाटलं, की या वेळी आपला काही संबंध नाही. मग हायसं वाटल्याची लाज वाटली. मग वाटलं, चौथी काय वाईट आहे? खाली ती एका मुलीच्या खांद्यावर हात टाकून पाणी पीत होती, हसत होती. हरलेल्या माणसासारखी मुळीच दिसत नव्हती. काका बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी काकूंचा घसा पार बसला होता. आलेल्या प्रत्येकाशी काकांनाच बोलावं लागत होतं.

"काकूंना काय झालं?" औषधवाल्याने विचारलं.

"ओरडल्या."

"तुमच्यावर?"

"नाही," काका म्हणाले. काकूंनी काउंटरमागून हाताने खूण केली, की आता सगळं सांगत बसू नका. काकांनी औषधवाल्यासाठी स्टूल पुढे सरकवलं, सांगायला तोंड उघडलं, आणि काकूंसाठी घशाच्या गोळ्या मागितल्या.