ठेच्यापाशी तुंबलेली रांग

कस्तुराबाई अकरा वर्षं शेंद्र्याच्या एका कारखान्यात तीनशे माणसांना जेवू घालतात. सकाळी करमाडहून आठ बायकांना घेऊन यायचं, भाकरी थापायच्या आणि दुपारी स्वतः ठेच्याचं पातेलं घेऊन खिडकीशी उभं राहायचं.

सुट्टी पाऊण तासाची, पण रांग संपायलाच चाळीस मिनिटं. शेवटच्यांचा घास हातात असतानाच भोंगा! मॅनेजर शिवराजसाहेबांनी सुनावलं, "शनिवारपर्यंत रांग अर्ध्या तासात संपवा. नाहीतर सोमवारपासून जेवण बाहेरून, बंद डब्यातनं." म्हणजे कस्तुराबाई आणि त्यांच्या आठही बायका घरी.

रांग सोडवायला आली फुलंब्रीची निशा. गणितात एम.एस्सी. आणि नोकरी याच कारखान्यात ऑपरेशन्स रिसर्चची, म्हणजे कामाची घडी गणितानं बसवण्याची. तिनं भागाकार केला. खिडक्या दोन, मिनिटं वीस.

"उघड बाई दुसरी खिडकी," कस्तुराबाई म्हणाल्या. "गणित तुझं, भाकरी माझी."

शुक्रवारी दोन खिडक्यांनी वाढलं. लागली अडतीस मिनिटं!

"भागाकार तर बरोबर होता, मावशी," निशा रडवेली झाली.

"तू माणसं मोजलीस गं, ठेचा कुठं मोजलास? दोन्ही रांगा माझ्यापाशीच येऊन तुंबल्या!"

खरंच होतं. ठेचा वाढायच्या फक्त कस्तुराबाई, आणि तोही चौकशीसकट. गंगापूरचा हनुमान रोज कुरकुरायचा, "मावशे, एवढासाच?"

"परवा पोट धरून कोण बसलं व्हतं? मी?"

वाढप चालू असताना घड्याळ लावून टिपलेले आकडे निशानं पुन्हा पाहिले. भाकरी-भाजीला पाच सेकंद, ठेच्याला साडेसात. पुन्हा भागाकार. "मावशी, ठेचा रांगेतून काढला तर एकच खिडकी पुरते. पंचवीस मिनिटं!"

"अन् मी काय नुसती बघत बसू?"

"तुम्ही टेबलाटेबलावर फिरा. लोक जेवता जेवता वाट बघतील. चौकशी करा लई वेळ!"

कस्तुराबाईंनी पातेल्याकडं पाहिलं. खिडकी सोडायची? मग त्यांनी पदर खोचला.

शनिवारी रांग संपली सव्वीस मिनिटांत. सगळ्यात शेवटी शिवराजसाहेब मुद्दाम उभे होते. ते टेबलाशी बसतात तोच कस्तुराबाई हजर.

"बंद डब्यात ठेचा येतो का हो, साहेब?"

साहेब हसले, ताट पुढं केलं. "राहू द्या ते डबे. वाढा चांगला."

"एवढाच. तुमचं पोट मला अजून माहीत नाय."